आधी ज्योत बघा, मग पाना काढा

गणपती चार दिवसांवर आले की माझा फोन थांबत नाही. "अण्णानू, घर उघडला, पन गॅस पेटना नाय. मोदक कशार करूचे?" मुंबईहून रात्रीची गाडी पकडून आलेली मंडळी सकाळी कुलूप काढतात, जळमटं झाडतात, चहा टाकायला जातात आणि शेगडी फुरफुरते, फटकन विझते नाहीतर काळा धूर ओकते.

मी गॅसवाला नव्हे. बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. निवृत्त होऊन देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या वाडीत येऊन बसलो, आणि ज्याला बसचं इंजिन कळतं त्याला शेगडी कळणारच, असं वाडीने परस्पर ठरवून टाकलं. पहिली दोन-तीन वर्षं मी पाना घेऊन धावायचो, सगळं खोलायचो आणि मग बिघाड शोधत बसायचो. एकदा तर तास खोलाखोल करून कळलं की नळी सिलिंडरच्या बुडाखाली चिरडली होती. तेव्हापासून पाना पिशवीतच ठेवतो. आधी दोन प्रश्न विचारतो आणि ज्योत बघतो.

पहिला प्रश्न: एकच बर्नर रुसलाय की सगळे? गॅस सिलिंडरमधून रेग्युलेटरमध्ये, तिथून नळीत, नळीतून शेगडीच्या पोटातल्या आडव्या पाइपात आणि मग प्रत्येक बर्नरला वेगळ्या कॉकमधून, म्हणजे नॉबमागच्या तोटीतून, जातो. एक बर्नर झक्क जळतोय आणि दुसरा नाही, तर सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी निर्दोष. त्यांना हात लावायचा नाही. दोष त्या एका कॉकपासून त्या बर्नरच्या टोपीपर्यंतच्या वीतभर अंतरात आहे. दोन्ही मंद असतील तर मात्र शेगडी खोलू नका, मागे सिलिंडरकडे चला.

दुसरा प्रश्न: नीट चालत होती तेव्हापासून काय बदललं? नवा सिलिंडर लावला, बर्नर धुतले, पेज उतू गेली, घर आठ महिने बंद होतं. उत्तर बहुतेक इथेच सापडतं. पण लोक सांगताना नेमकं तेच गाळतात. "काय्येक केलंव नाय" म्हणतात आणि बर्नर अजून ओला असतो.

तुमची शेगडी कुठली ते आधी बघा

रेग्युलेटर बंद करा, शेगडी गार होऊ द्या, नळी सोडवा आणि शेगडी जुन्या गोणपाटावर उलटी घाला. काचेची असेल तर खाली जाड गोधडी. मागच्या अंगाला किंवा खाली एक स्टिकर नाहीतर पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल, आयएसआयची खूण आणि मुख्य म्हणजे कुठल्या गॅससाठी बनवली ते लिहिलेलं असतं: एलपीजी, म्हणजे आपला सिलिंडरचा गॅस, की पीएनजी, म्हणजे शहरात पाइपने येतो तो. खाऱ्या हवेने स्टिकर खाल्ला असेल तर निदान बिलावर बघा. ही ओळ किती महत्त्वाची ते पुढे सांगतो.

उलटी शेगडी एकदा डोळे भरून बघून घ्या. कॉकच्या पुढच्या टोकाला पितळेचा छोटा स्क्रू दिसेल, त्याच्या मधोमध केसासारखं भोक. तो जेट. जेटच्या समोर थोडी जागा सोडून एक नळकांडं सुरू होतं आणि वर बर्नरपर्यंत जातं. ती मिक्सिंग ट्यूब. जेटमधून गॅस जोराने सुटतो, जाता जाता आजूबाजूची हवा आत ओढून घेतो, दोन्ही ट्यूबमध्ये घुसळतात आणि बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात. माझ्या जुन्या एम-८० दुचाकीच्या कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या भागाचा, हा गरीब चुलतभाऊ. कार्बोरेटरमध्ये कचरा गेला की गाडी जशी धूर काढते, तशीच ही. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

वरची टोपी पितळेची, बिडाची की ॲल्युमिनियमची तेही बघून ठेवा. पितळ जड असतं आणि घासलं की पिवळं चमकतं. स्वस्त ॲल्युमिनियमचा बर्नर हातात घेतला की पापडासारखा हलका लागतो. धुताना हा फरक कामाला येतो.

ज्योत वाचायची कशी

खिडकी लावा, पंखा बंद करा, बर्नर मोठा करा आणि डोळे ज्योतीच्या पातळीला आणून बघा. निरोगी ज्योत निळी असते. आतला सुळका जरा गडद आणि टोकदार, बाहेर फिकट निळं आवरण. भोकाला चिकटून, शांत.

लांब, मऊ, पिवळ्या जिभा हलताहेत आणि भांड्याचं बूड काळं होतंय? हवा कमी पडतेय, किंवा हवेच्या मानाने गॅस जास्त सुटतोय. ज्योत बर्नरपासून उचलून वर नाचतेय आणि सूं सूं आवाज करतेय? हवा जास्त. काही शेगड्यांना ट्यूबच्या तोंडाशी हवेचं भोक लहानमोठं करणारी चकती असते. तिचा स्क्रू ढिला झाला की असं होतं. चकती जरा फिरवून ज्योत बसवायची आणि स्क्रू आवळायचा. बऱ्याच शेगड्यांना मात्र ही चकतीच नसते, भोक कायमचं ठरलेलं असतं.

आता एक गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची. पावसाळ्यापूर्वीचा वारा सुटला की आमच्या वाडीतल्या बायका हमखास सांगतात, ज्योत लाल झाली. जाऊन बघितलं तर ज्योत निळीच असते, फक्त तिच्यात नारिंगी ठिणग्या चमकून जातात, कधी सगळी ज्योतच क्षणभर नारिंगी होते. हा बिघाड नाही, हे मीठ आहे. मिठातला सोडियम तापला की पिवळा-नारिंगी उजेड टाकतो. समुद्राचा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो, ते ज्योतीतून गेले की रंग दिसतो. पटत नसेल तर चिमूटभर मीठ बोटांत चोळून ज्योतीच्या बाजूने हवेत सोडा. बर्नरवर नको. तोच रंग दिसेल. खाऱ्या विहिरीच्या पाण्याने बर्नर धुतला की पहिले दोन दिवस असंच होतं. केर काढताना धूळ उडाली तरी होतं.

मग बिघाडाची पिवळी आणि मिठाची नारिंगी वेगळी कशी काढायची? स्टीलचं स्वच्छ पातेलं घ्या, त्यात तांब्याभर पाणी घाला आणि मोठ्या ज्योतीवर पाच मिनिटं ठेवा. उतरवून बूड बघा, पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं झालं तर शेगडीला काम आहे. बूड लख्ख असेल तर शेगडीला सोडा, तिला काही झालेलं नाही. नारिंगी ठिणग्या बघून घाबरलेल्या एका घरी कुणीतरी जेट मोठा करून ठेवला होता. मिठाची ज्योत बरी करायला गेले आणि खरी काजळी लावून घेतली.

काजळीवाली ज्योत नुसती भांडी काळी करते असं नाही. अर्धवट जळालेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. डोळे चुरचुरत असतील, डोकं जड होत असेल तर खिडकी उघडून आधी बाहेर या.

कुंभारीण

बंद घरातल्या शेगडीचा शत्रू क्रमांक एक गंज नाही, कुंभारीण आहे. ती बारीक कंबरेची गांधीलमाशी, जी खिडकीच्या कोपऱ्यात, प्लगच्या भोकात, देवाच्या फोटोमागे मातीचे गोळे लावते. तिला तयार भोक मिळालं की ती खूश. आणि शेगडीच्या मिक्सिंग ट्यूबसारखं गोल, कोरडं, अंधारं भोक तिला कुठे मिळणार?

मागच्या भाद्रपदात शेजारच्या वाडीत एका काकींनी बोलावलं. मुलगा-सून आदल्या रात्री आलेले. डावा बर्नर चांगला, उजवा पिवळा आणि घरभर वास. मी नॉब बंद करायला सांगितला, शेगडी उलटी केली आणि ट्यूबच्या तोंडाला बॅटरी लावली. उजेड पलीकडून यायला हवा होता, आला नाही. वाढवणीचा, म्हणजे खराट्याचा, एक हीर घेऊन हळूच आत सरकवला. वीतभर आत गेला आणि टक्क करून अडला. जरा फिरवल्यावर लाल मातीचा चुरा गळायला लागला, आमच्याच परसातली चिऱ्याची माती. मग एक अख्खी कोठी सुटून गोणपाटावर पडली, सुपारीएवढी. फोडली तर आत हिरव्या बारीक अळ्या, मेलेल्या नव्हेत, लुळ्या पडलेल्या, एकीवर एक रचलेल्या. कुंभारीण आपल्या पिल्लासाठी शिधा भरून ठेवते तो हा. काकींची नात तोंडावर हात ठेवून बघत राहिली. अशा तीन कोठ्या निघाल्या.

झालं असं होतं, की जेटमधून गॅस सुटत होता पण ट्यूब तुंबल्यामुळे हवेसकट वर जायला वाट नव्हती. थोडा वर जाऊन पिवळा जळत होता, उरलेला खालीच सांडत होता. म्हणून एका बर्नरला पिवळी ज्योत आणि शेगडीखालून वास, असं एकत्र दिसलं तर पुन्हा पेटवून बघू नका. खाली सांडलेला गॅस भडकू शकतो.

ट्यूब साफ करायला हीर किंवा बाटली धुवायचा लांब ब्रश पुरे. बर्नरची टोपी काढून वरूनही घाला, खालूनही. कचरा खाली पडेल असं शेगडीचं तोंड धरा, नाहीतर मातीचे कण जेटच्या भोकात जाऊन बसतात. शेवटी सायकलच्या पंपाने हवा मारा आणि पलीकडून उजेड दिसतो का ते बघा. हा हीर जेटमध्ये मात्र घालायचा नाही. तो तुटून आत राहतो आणि मग शेगडी घेऊन कणकवलीला जावं लागतं.

मुंबईची रेंज गावात

चार वर्षांपूर्वी डोंबिवलीचे एक पाहुणे घराचं नूतनीकरण करताना जुनी गॅस रेंज गावाला घेऊन आले. चार बर्नर, खाली ओव्हन, टेम्पोतून उतरवायला चार माणसं. थाटात सिलिंडर जोडला. पेटवल्यावर ज्योत हातभर, पिवळीधमक, आणि पहिल्याच चहाच्या टोपाचं बूड तव्यासारखं काळं. "अण्णा, रेग्युलेटर बिघडलाय."

रेग्युलेटर बिघडला नव्हता. रेंज पीएनजीची होती. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसात तेवढ्याच आकारमानात उष्णता कमी असते. एलपीजीत जवळजवळ अडीच पट. दाबही वेगळा, एलपीजीच्या घरगुती शेगडीला सुमारे ३० मिलिबार, पीएनजीला सुमारे २१. म्हणून पीएनजीच्या जेटचं भोक मोठं ठेवतात. त्या मोठ्या भोकातून एलपीजी सोडला की गॅस भसाभस येतो आणि हवा पुरत नाही. उलटं केलं, म्हणजे गावची शेगडी शहरात पाइपाला जोडली, तर ज्योत समईच्या वातीएवढी येते.

उपाय जेट बदलणे हाच. पण लहान आणि मोठ्या बर्नरचे जेट वेगळे, ओव्हनचा वेगळा, शिवाय मंद आचेचे बायपास स्क्रूही बदलावे किंवा बसवावे लागतात. हे मी केलं नाही. त्या कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकला बोलवायला लावलं. रेंज आता मस्त चालते. ओव्हनमध्ये सध्या पापड ठेवतात.

उतू गेलेली पेज आणि सोलांची सालं

आपल्याकडे शेगडीवर सांडतं काय, तर पेज, दूध आणि नारळाचा रस. पेजेतला स्टार्च बर्नरच्या भोकांत जाऊन करपतो आणि सिमेंट होतो. खूण अशी, की ज्योतीच्या गोलात दात पडल्यासारख्या फटी दिसतात. घावण्याचा तवा एका बाजूने करपतो आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहतो. त्याचं खापर तव्यावर फुटतं.

बर्नर गार झाल्यावर टोपी काढा, गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासा. भोकं एकेक करून सेफ्टी पिनने मोकळी करा. पितळेच्या बर्नरला सोलकढी काढून उरलेली सोलांची सालं चोळली की नवी मुंज झाल्यासारखा चमकतो. पण चोळून लगेच धुवायचं. रात्रभर आंबटात ठेवलं तर पितळ तांबूस पडतं. ॲल्युमिनियमला आंबट लावूच नका, खड्डे पडतात.

धुतलेला बर्नर पूर्ण सुकला पाहिजे. मे महिन्यात अंगणात अर्ध्या तासात सुकतो, श्रावणात दोन दिवस लागतात. चुलीच्या वैलावर ठेवा, सुकेल. ओला बसवला की ज्योत थुंकते, विझते, आणि मला फोन येतो.

टोपी बसवताना खाचेत नीट बसली का ते बोटाने गोल फिरवून बघा. तिरकी बसली तर ज्योत एका बाजूने उंच होते, कधी बंद करताना फट्ट आवाज येतो. सर्वांत वाईट म्हणजे ज्योत आत शिरते: वर काही दिसत नाही, खाली ट्यूबच्या तोंडाशी जेटवरच जळत असते, घोंघावल्यासारखा आवाज येतो, नॉब गरम लागतो. लगेच बंद करा, दहा मिनिटं गार होऊ द्या, टोपी पुन्हा बसवा. तरी होत असेल तर टोपी झिजली किंवा वाकली आहे, नवी घ्या.

एकच बर्नर मंद, ज्योत निळी पण छोटी, टोपी आणि ट्यूब दोन्ही साफ: मग जेट. जेटचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. भांड्यांच्या दुकानात स्टोव्हची पिन मिळते ती घ्या, सरळ आत घाला, सरळ बाहेर काढा, फिरवू नका. शिवणाची सुई, दाभण, तार यातलं काही घालून भोक रुंद केलंत की तुम्ही तुमच्या हाताने शेगडी अर्धी पीएनजीची करून ठेवली. मग जेट नवाच लागतो. दोन्ही बर्नरचे जेट काढलेत तर डावा कुठला आणि उजवा कुठला ते कागदावर मांडून ठेवा, मापं वेगळी असतात.

नॉब घट्ट झाला

खारी हवा कॉकमधलं ग्रीस सुकवते आणि नॉब फिरताना कचकच करतो. मग घरातलं कुणीतरी खोबरेल तेल सोडतं. दोन दिवस नॉब लोण्यासारखा फिरतो. तिसऱ्या आठवड्यात तेल शिजून चिकट होतं आणि पक्कडीशिवाय हलत नाही. पक्कड लावली की आतली दांडी तुटते. तेव्हा खोबरेल डोक्याला लावा. कॉकला उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं. आतली निमुळती फिरकी आणि तिचं घर एकमेकांना घासून जुळवलेलं असतं, त्यातून गॅस अडतो. हे काम मेकॅनिककडे द्या. मी वर्कशॉपचा माणूस असूनही कॉक घरी खोलत नाही.

ऑटोमॅटिक शेगडीचा खटका वाजतो पण ठिणगी पडत नसेल तर पांढऱ्या चिनी मातीच्या काडीचं टोक पुसा. ओलं किंवा तेलकट असतं. काडीला तडा असेल तर ठिणगी बर्नरऐवजी खालीच उडते. सेलवर चालणारी असेल तर सेलच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं दिसेल, बारीक पॉलिश पेपरने घासा. काही नाही जमलं तर लायटर आहेच. एक मात्र लक्षात ठेवा: तीन-चार खटक्यांत पेटलं नाही तर नॉब बंद करून मिनिटभर थांबा. गॅस सोडून खटके मारत बसायचं नाही.

ओट्यात बसवलेल्या नव्या हॉबमध्ये नॉब सोडला की ज्योत विझते, अशी तक्रार येते. त्यात ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सोय असेल तर ज्योतीशेजारी एक बारीक तांबडी काडी असते. ती तापायला वेळ लागतो, नॉब दहाएक सेकंद दाबून धरा. काडीवर पुटं चढली असतील तर पुसा.

दोन्ही बर्नर मंद

मागे चला. आधी नळी कुठे दुमडलीय का, सिलिंडरखाली किंवा कपाटाच्या दारात अडकलीय का ते बघा. मग रेग्युलेटर काढून पुन्हा बसवा, टक आवाज आला पाहिजे. नव्या सिलिंडरनंतर नळीत हवा असते, पहिले काही क्षण ज्योत धरत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग सिलिंडर खरंच भरलेला आहे का? ओल्या फडक्याने पुसून जिथपर्यंत ओल टिकते तिथपर्यंत गॅस, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात ती चालते. जुलैत आमच्याकडे भिंतीच सुकत नाहीत, सिलिंडर काय सुकणार. काजूबी तोलायचा काटा घ्या. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन. दारात आलेला सिलिंडर उतरवून घेतानाही हेच करा. तिथेच आतल्या बाजूला इंग्रजी ए, बी, सी किंवा डी आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर परत पाठवा. सिलिंडर संपत आला की वास जास्त येतो, तेही लक्षात असू द्या. वासासाठी घातलेलं मरकॅप्टन शेवटच्या गॅसात जास्त उरतं. तरी साबणाच्या पाण्याने तपासल्याशिवाय "संपत आलाय म्हणून" असं स्वतःला समजावू नका.

रेग्युलेटर दुरुस्त होत नाही. एजन्सीत जाऊन बदलून घ्या. बाजारातला, भट्टीला लावायचा मोठ्या दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावलेला मी पाहिलाय. त्या घरी मी चहाही घेतला नाही.

नळी नारिंगी सुरक्षा होजच घ्या, आत तारेची जाळी असलेली. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांत बदलायची. दीड मीटरहून लांब नको, मधे जोड नको. बंद घरात उंदीर तिला दात लावतात. जाळीमुळे लगेच भोक पडत नाही, पण रबर सोललेलं दिसलं तर आजच बदला.

वास आला तर

गळती काडीने शोधायची नाही. एका वाटीत साबणाचा फेस करून रेग्युलेटरच्या जोडाला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि कॉकच्या मुळाशी ब्रशाने लावा. बुडबुडे फुगले की तिथे गळती.

घरभर वास असेल तर शोधत बसू नका. रेग्युलेटर बंद, नॉब बंद, कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असलेला विजेचा दिवा बंदही करायचा नाही. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत पसरतो. आपल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराला उंबरठा असतो, गॅस त्याच्या आत तळ्यासारखा साठतो, आणि कोपऱ्यात चुलीतले निखारे किंवा देवासमोर निरांजन असतं. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, मागचं आणि पुढचं दार सताड उघडा. माणसं अंगणात काढा. सिलिंडरच्याच तोंडातून गळत असेल आणि हात पोचत असेल तर रेग्युलेटर काढून दोरीला बांधलेलं ते प्लॅस्टिकचं झाकण दाबून बसवा. ते झाकण मुलांना भोवरा म्हणून खेळायला देऊ नका. मग बाहेर अंगणातून १९०६ ला फोन करा, तो चोवीस तास चालतो.

कुलूप लावण्याआधी

विसर्जन झालं, मंडळी परत निघाली की मी दारोदार हे सांगत फिरतो. रेग्युलेटर नुसता बंद नको, काढून ठेवा. सिलिंडरच्या तोंडावर झाकण. सिलिंडर उभाच, हवेशीर जागी. बर्नर धुवून सुकवून कागदात गुंडाळून डब्यात. पत्र्याच्या शेगडीला कोरड्या फडक्याने पुसून घ्या, मिठाचा थर राहिला की पावसात गंज धरतो. आणि मिक्सिंग ट्यूबच्या दोन्ही तोंडांवर कागदाची पट्टी चिकटवा, कुंभारणीसाठी.

या पट्टीचा धडा मला माझ्याच पुतण्याने दिला. शिमग्याला रात्री अकराला ठाण्याहून पोचला आणि फोन केला, "अण्णा, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं होतं. तरी ज्योत पिवळी. भांडं काळं."

"वरची पट्टी काढलीस?"

"काढली ना."

"आणि खालची? हवेच्या भोकावरची?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग शेगडी उलटी केल्याचा खडखडाट आणि कागद फाडल्याचा आवाज आला. आता मी खालच्या पट्टीला लाल दोरा बांधून तो वर नॉबला गुंडाळून ठेवतो. दोरा सोडवल्याशिवाय नॉब फिरत नाही.